पाकिटातले पाकीट

(अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात वेस्ट विंडसर हे गाव आहे. तेथे अनेक मराठी कुटुंबे राहतात. त्यांच्या मुलांसमोर दिलेले हे भाषण.)

मुलांनो,

मघाशी तुमच्यातील एका मुलीने मला हळूच विचारले, "मावशी, ग्रंथालयात वाय-फाय वापरताना कोणी माझे पाहू नये, म्हणून मी फोनवर फुकटचे व्हीपीएन घेतले. चांगले केले ना?" मी तिला लगेच उत्तर दिले नाही. प्रश्न सर्वांच्याच उपयोगाचा आहे, म्हणून सर्वांसमोर सांगते.

तुमच्या गावातल्या ग्रोव्हर्स मिलपासून सुरुवात करू. तेथील व्हॅन नेस्ट बागेतले स्मारक तुम्ही पाहिले असेल. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवर एक नाटक सादर केले. मंगळावरचे प्राणी ग्रोव्हर्स मिलला उतरले, अशी त्यात गोष्ट होती. काही श्रोत्यांना ती खरीच बातमी वाटली! गंमत सोडा, पण एक लक्षात घ्या. रेडिओच्या लहरी चहूकडे पसरतात. ज्याच्याजवळ रेडिओ असेल, त्याला ऐकू येते. वाय-फायसुद्धा रेडिओलहरींवरच चालते. तुमचा निरोप हवेतून जातो, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे यंत्रही तो पकडू शकते.

मग तो झाकायचा कसा? समजा, तुम्हांला आजीला पत्र पाठवायचे आहे. पोस्टकार्डावर लिहिले, तर वाटेत कोणीही ते वाचू शकेल. पाकिटात घातले, तर मजकूर झाकला जातो. पत्ता मात्र बाहेर दिसतोच. आज बहुतेक संकेतस्थळे असे पाकीट आपणहून वापरतात. त्यांच्या पत्त्याची सुरुवात 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी होते. म्हणजे तुम्ही काय लिहिले, हे वाटेत सहसा कोणाला वाचता येत नाही. कोणत्या संकेतस्थळावर गेलात, एवढे कळू शकते. घरी बसलात, तरी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला ते कळतेच.

आता आजीचे पाकीट एका मोठ्या पाकिटात घाला. ते परगावच्या एका काकांना पाठवा. काका बाहेरचे पाकीट फोडतील आणि आतले आजीकडे रवाना करतील. तुमच्या पोस्टमनला फक्त काकांचा पत्ता दिसेल. आजीच्या पोस्टमनला वाटेल, पत्र काकांच्या गावाहून आले. व्हीपीएन हेच काम करते. मोठे पाकीट म्हणजे सांकेतिक लिपी. काका म्हणजे व्हीपीएन कंपनीचा संगणक.

पण खरी गोम पुढेच आहे. पोस्टमनपासून जे लपवले, ते काकांना दिसले! तुम्ही कोणाला, केव्हा, किती पत्रे पाठवता, हे आता काकांना ठाऊक झाले. ते त्याची वही ठेवतात का? ती वही कोणाला दाखवतात का?

अशी गोष्ट खरोखरच घडली आहे. ओनाव्हो नावाचे एक फुकट व्हीपीएन होते. २०१३ साली फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. 'आम्ही तुमची माहिती सुरक्षित ठेवतो,' असे लोकांना सांगितले जाई. प्रत्यक्षात लोक फोनवर कोणकोणती ॲप वापरतात, ही माहिती फेसबुकच्या धंद्यासाठी गोळा होत होती. २०१९ मध्ये ते बंद झाले. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने या प्रकरणी दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

संगणक, वीज, माणसे यांना पैसे लागतात. मग फुकटच्या सेवेचा खर्च कोण भरतो, हे विचारायलाच हवे. काही चांगल्या कंपन्या थोडीशी सेवा फुकट देतात; त्यांचा खर्च पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांवर निघतो. त्यामुळे फुकटचे ते सारे वाईट, असेही नाही. आणि विकतचे ते सारे चांगले, असे तर मुळीच नाही.

कंपनीचा मालक कोण, ती नोंदी ठेवते का, बाहेरच्या जाणकारांनी तिची तपासणी केली आहे का, हे मोठ्या माणसांबरोबर बसून पाहावे. देशही पाहावा. भारतात २०२२ साली सरकारने आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावे व पत्ते ५ वर्षे जपून ठेवावेत. तेव्हा काही कंपन्यांनी आपले संगणक भारतातून हलवले. सुट्टीत आजोळी जाल, तेव्हा हे आठवा.

आणि हो, तुम्ही स्वतःच आपले नाव, शाळा, घरचा पत्ता कोठे लिहिलात, तर कोणतेही पाकीट ते परत आणू शकत नाही. फसवी चिठ्ठी आली, तर व्हीपीएन तुम्हांला सावधही करत नाही.

तर बाळ, तुझ्या फोनवरच्या त्या व्हीपीएनचा मालक कोण आहे? माहीत नाही ना? आज घरी गेलीस, की आईजवळ बस. दोघी मिळून त्याचे नाव शोधा. मालक सापडला नाही, तर ते काढून टाका. ग्रंथालयात गोष्टींची पुस्तके शोधायला तुला त्याची गरजही नाही.