कुलूप लागण्याआधी



२०११ सालचा जानेवारी महिना आठवा. ट्युनिशियात अध्यक्ष बेन अलींच्या राजवटीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, आणि आंदोलनाच्या चित्रफिती फेसबुकवरून पसरत होत्या. त्याच सुमारास तिथल्या लोकांची खाती परक्या हातांत जाऊ लागली. शोध घेतल्यावर कळलं, की देशातल्या इंटरनेट सेवेच्या पातळीवरच फेसबुकच्या लॉगिन पानात जावास्क्रिप्टचा तुकडा घुसवला जात होता. तो पासवर्ड टिपायचा. पुढे तो पासवर्ड एन्क्रिप्ट होऊन गेला, तरी काय उपयोग? जिथे तो टाइप करायचा, ते पानच साध्या एचटीटीपीवरून, उघड्यावर येत होतं. फेसबुकने मग ट्युनिशियातून येणारी प्रत्येक विनंती एचटीटीपीएसकडे, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीकडे, वळवली.

हे वळवणं, म्हणजे रीडायरेक्ट, हाच आज माझा विषय आहे. तुम्हाला वाटेल, ही सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमधली एक ओळ, तिच्यावर व्याख्यान कशाला? पण माणसं याच ओळीवर विसंबून राहिली, आणि फसली.

त्या काळात अनेक वेबसाइटींची रीत अशी होती: लॉगिनपुरतं एचटीटीपीएस, आणि आत शिरलं की परत एचटीटीपी. त्याला कारणंही दिली जात. प्रमाणपत्राला पैसे पडत, जाहिराती उघड्या जोडणीवरून येत, आणि एन्क्रिप्शनने सर्व्हर दमतो असा समज होता. तो समज गूगलने खोटा ठरवला. जानेवारी २०१० मध्ये जीमेल सगळ्यांसाठी एचटीटीपीएसवर नेल्यावर त्यांच्या अभियंत्यांनी सांगितलं, की या कामाला सीपीयूचा एक टक्काही लागत नाही.

परत मागे नेण्यातला धोका त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एरिक बटलर यांनी दाखवला. त्यांचं ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन होतं. पासवर्ड सुरक्षित गेला, तरी लॉगिननंतर मिळणारी सेशन कुकी प्रत्येक विनंतीबरोबर जाते, आणि एचटीटीपीवर ती उघडी जाते. कॅफेतल्या मोकळ्या वायफायवर बसलेल्या कुणालाही शेजाऱ्याच्या खात्यात एका क्लिकने शिरता येऊ लागलं. माझं ठाम म्हणणं आहे, की लॉगिन झालेल्या माणसाला असुरक्षित जोडणीवर परत नेणं हा त्याचा विश्वासघात आहे. कुकीवर ‘सिक्युअर’ ही खूण लावा, म्हणजे ब्राउझर ती एचटीटीपीवरून पाठवणारच नाही.

आता उलट दिशेचा, चांगल्या हेतूचा रीडायरेक्ट घ्या. पूर्वी तुम्ही नुसतं नाव टाइप केलं, की ब्राउझर एचटीटीपीच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर जायचा, आणि सर्व्हर ३०१ हा संकेत देऊन एचटीटीपीएसच्या ४४३ वर पाठवायचा. पण ही पहिली विनंती आणि तिचं उत्तर, दोन्ही उघड्यावर असायची. मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २००९ मध्ये ‘एसएसएलस्ट्रिप’ने नेमकी हीच फट दाखवली. जोडणीच्या मध्ये बसलेला हल्लेखोर ते उत्तर गिळतो, सर्व्हरशी स्वतः एचटीटीपीएसने बोलतो आणि तुमच्याशी एचटीटीपीने. एसटी स्टँडवर पाहुण्याला घ्यायला भलताच माणूस यावा आणि यजमानाचं नाव सांगून घेऊन जावा, तसं हे. ब्राउझर प्रमाणपत्राची तक्रार करत नाही, कारण तुमच्या बाजूला प्रमाणपत्राचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा फक्त कुलपाचं चिन्ह नसायचं, आणि नसलेली गोष्ट माणसाला सहसा दिसत नाही.

यावरचा उपाय नोव्हेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७९७ म्हणून प्रमाण झाला: एचएसटीएस. सर्व्हर एकदा सुरक्षित जोडणीवरून सांगतो, की पुढची इतकी सेकंदं, समजा ३,१५,३६,०००, म्हणजे वर्षभर, माझ्याकडे एचटीटीपीने येऊच नकोस. मग ब्राउझर विनंती बाहेर जाण्याआधीच ती बदलतो. अगदी पहिल्या भेटीची फट उरते, त्यासाठी ब्राउझरमध्येच आधीपासून भरलेली यादी असते. लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने २०१५ च्या अखेरीस प्रमाणपत्रं सर्वांसाठी फुकट केली, तेव्हा खर्चाची सबबही संपली.

सभागृहात प्रोग्रामर मंडळी असतील, त्यांच्यासाठी थोडं. लोड बॅलन्सर एन्क्रिप्शन उतरवून आतल्या ॲप्लिकेशनला एचटीटीपीने विनंती देतो, ॲप्लिकेशनला ती असुरक्षित वाटते, ते पुन्हा वळवतं, आणि ब्राउझर गरगर फिरत राहतो. मूळ जोडणी कोणती होती हे हेडरमधून आत कळवा, आणि तो हेडर फक्त स्वतःच्याच लोड बॅलन्सरकडून आला तर माना. दुसरं म्हणजे, ३०१ मिळाल्यावर ब्राउझर पोस्ट विनंतीची गेट करून टाकतात. ३०८ ने ती पोस्टच राहते. पण फॉर्ममधला मजकूर तोवर एकदा उघड्यावरून गेलेला असतो, हे कोणताही आकडा बदलू शकत नाही.

म्हणून जिथे यंत्र यंत्राशी बोलतं त्या एपीआयवर रीडायरेक्ट मुळीच ठेवू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कुणी पत्त्यातला ‘एस’ विसरला, तर रीडायरेक्टमुळे काम सुरळीत चालतं, चूक कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि गुप्त किल्ली प्रत्येक वेळी उघडी जात राहते. तिथे एचटीटीपीची विनंती सरळ नाकारा, आणि आलेली किल्ली त्याच क्षणी रद्द करा. ग्राहकाचा प्रोग्राम बंद पडेल, तो तक्रार करेल. करू द्या, त्याला त्याच दिवशी चूक सापडेल.