जवानाची कंबर आणि सरकारी सुई



सैन्यातील जवान बहुधा चाळिशीच्या आसपासच निवृत्त होतो. थंडी, पाठीवरचे ओझे आणि एखादी जुनी दुखापत घेऊन तो अमरावती-अकोल्याच्या खेड्यात परततो व कपाशीच्या तासात पुन्हा वाकतो. पन्नाशी उलटते तोच कंबर आणि गुडघे जाब विचारू लागतात. मग वेदनाशामक गोळ्या सुरू होतात. वर्षानुवर्षे घेतलेल्या या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला अपाय करतात.

म्हणूनच ॲक्युपंक्चरचा विचार अगत्याचा ठरतो. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर होते. जखमी सैनिकांची सेवा करीत असतानाच १९४२ मध्ये कोटणीसांचे तेथे निधन झाले. त्यांचे सहकारी डॉ. बसू पुढे चीनमध्ये ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यात रुजविली. अमेरिकन हवाई दलातील एका डॉक्टरने २००१ मध्ये कानावरील पाच बिंदूंची पद्धत बसविली. तेथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतही ती वापरली जाते.

तथापि अतिशयोक्ती नको. कंबर व गुडघ्याच्या जुनाट दुखण्यात अनेकांना उतार पडतो. पण खोट्या सुयांशी तुलना केली असता फरक लहानच दिसतो. मोडलेले हाड किंवा मणक्याचा क्षय सुईने बरा होत नाही. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची हवी. छातीत चुकीने खोल गेलेली सुई फुफ्फुसाला इजा करते.

महाराष्ट्राने या चिकित्सेसाठी २०१५ चा कायदा केला. पण दर्यापूर-मूर्तिजापूरच्या माणसाला कायद्याचा उपयोग तो सरकारी दवाखान्यात उतरला तरच. अमरावतीच्या इर्विनमध्ये आणि अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस नोंदणीकृत चिकित्सक बसावा. आधी अस्थितज्ज्ञाने रुग्ण तपासावा, उपचार विनामूल्य असावा. गरजू माजी सैनिकांची यादी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने करावी.

आणि ते दार केवळ सैनिकापुरते नसावे. त्याच्याच शेजारी निंदणात वाकलेल्या मजूर बाईची कंबरही तशीच दुखते. तिला तर निवृत्तिवेतनही नाही. सैनिकाचा हक्क मागताना तिला त्याच बाकावर जागा मिळवून देणे, हे कार्यकर्त्यांचे काम आहे.