दिवाळं काढलं म्हणजे दंड आणि अपघाताची भरपाई सुटते का?

कर्ज डोक्यावर बसलं की घरात कुणीतरी म्हणतंच, "दिवाळं काढू, मग कोण काय मागणार?" बँकेच्या, सावकाराच्या कर्जाचं एक असतं. पण कोर्टानं ठोठावलेला दंड आणि अपघाताची भरपाई, याचं काय? त्याबद्दल आज आपण बोलू.

दिवाळखोरीला कायद्यात नादारी म्हणतात. आपल्या लातूरच्या शेतकऱ्याला किंवा किराणा दुकानदाराला आजही १९२० चाच नादारीचा कायदा लागतो आणि अर्ज करायचा तो जिल्हा न्यायालयात. २०१६ साली नवी संहिता आली, पण तिचा माणसांसाठीचा भाग आजवर कंपन्यांना हमी राहिलेल्यांपुरताच सुरू झाला आहे.

आधी दंडाचं बघू. जुन्या कायद्यात सरकारचं देणं नादारीनं सुटत नाही. बायको-लेकरांची पोटगी सुटत नाही आणि फसवून केलेलं कर्जही सुटत नाही. नव्या संहितेत तर कोर्टाचा दंड माफ होणार नाही असं सरळच लिहिलंय. दंड भरला नाही तर जास्तीची कैद होऊ शकते. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही लागते. माणूस वारला तरी त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवरून दंड उतरत नाही.

आता अपघात. समजा, उसाचा ट्रॅक्टर औशाच्या रस्त्याला लागला. चालवणाऱ्या पोराकडे लायसन नाही, विमा संपलेला, आणि मोटारसायकलवरचा माणूस दगावला. मोटार अपघात न्यायाधिकरण भरपाई ठरवतं. ती भरली नाही तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. दावा चालू असताना नादारीचा अर्ज केला, तर आकडा न ठरलेली अशी भरपाई जुन्या कायद्यात कर्जाच्या यादीतच धरत नाहीत. म्हणजे ती सुटायचा प्रश्नच येत नाही. निकाल लागून आकडा ठरला तर यादीत येऊ शकते. पण मग कोर्टाचा माणूस आधी मालमत्ता ताब्यात घेऊन विकतो. त्यातून रुपयाला आठ आणेही निघाले नाहीत, तर यात आपला दोष नव्हता हे पटवून द्यावं लागतं. नाहीतर कोर्ट पूर्ण मोकळं करत नाही. नव्या संहितेत निष्काळजीपणाची भरपाई माफीतून वगळलेलीच आहे.

हे बायकांनी ऐकायचं कशाला? कारण ट्रॅक्टर, टेम्पो पुष्कळदा आपल्या नावावर असतो. कागदावर जिचं नाव, दावा तिच्यावर. गाडी विकली पण आरटीओत नाव बदललं नाही, तर जबाबदारी जुन्या मालकाचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलंय. म्हणून तीन गोष्टी बघा: विमा चालू आहे का, चालवणाऱ्याकडे लायसन आहे का, आणि विकलेल्या गाडीवरचं नाव उतरलं का. लायसन नसलं तर विमा कंपनी पुष्कळदा भरपाई देते आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करते.

आता दुसरी बाजू. अपघातात आपलंच माणूस गेलं आणि समोरचा मालक म्हणाला, "माझं दिवाळं निघालंय," तर घाबरून गप्प बसू नका. मालक नादार झाला तरी त्याच्या विम्यावरचा हक्क अपघातग्रस्ताकडे येतो, असं मोटार वाहन कायदाच सांगतो. कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे, म्हणून तेराव्यानंतर उशीर करू नका. धडक देऊन गाडी पळाली, तिचा पत्ताच लागला नाही, तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात.

आणि जप्तीची धमकी घेऊन कुणी दारात आलं तर? दिवाणी हुकुमाच्या जप्तीत अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं, बैल, बियाणं आणि त्याचं राहतं घर धरता येत नाही. मात्र जे तारण ठेवलंय त्याची गोष्ट वेगळी. पैशाच्या दिवाणी हुकुमासाठी बाईला अटकही करता येत नाही. नवरा वारला असेल, तर त्याचं देणं त्याच्याकडून जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतंच. तुमच्या मजुरीवर आणि गटातल्या बचतीवर ते येत नाही.

"पैसे द्या, सगळं माफ करून देतो," म्हणणाऱ्याला आधी विचारा, कोणत्या कायद्यानं? बाईला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे, आणि १५१०० हा फोन आहे. देणं एकदम झेपत नसेल तर लोकअदालतीत तडजोडीची, हप्त्यांची बोलणी करता येतात.

गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं घरच्या गाडीचा विम्याचा कागद घेऊन यावा. तारीख सगळ्यांनी मिळून वाचा.