जुन्या संगणकभाषा आणि नव्या

(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या शिक्षण साहाय्य निधीकडे यंदा एका विद्यार्थ्याने ‘रस्ट’ ही नवी संगणकभाषा शिकण्याकरिता साहाय्य मागितले. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, “ज्या ‘सी’ भाषेवर आमचा प्रपंच चालला, ती आता टाकाऊ झाली काय?” ह्या प्रश्नाचा विचार करण्याचे काम आमच्याकडे आले. ते आम्ही यथामति करीत आहोत.

काही आज्ञावली चालविण्यास दुसऱ्या आज्ञावलीची मध्यस्थी लागते. परंतु संगणकाची कार्यप्रणाली किंवा ब्राउझर ह्यांना वेग हवा असतो. त्यांची आज्ञावली आधीच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवावी लागते. ह्या प्रांतात, १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी घडविलेली ‘सी’ आणि १९७९ पासून ब्यार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी तिच्यातूनच वाढविलेली ‘सी प्लस प्लस’ ह्यांचे दीर्घकाळ राज्य राहिले.

‘सी’ भाषा लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते. स्मृतीतील कोणती जागा आपली आणि कोणती परकी, हे त्यानेच सांभाळावयाचे. तो चुकला तर काय होते, हे २०१४ साली ‘हार्टब्लीड’ ह्या दोषाने जगाला दाखविले. मागणाऱ्याने चार अक्षरे पाठवावी आणि “माझी हजारो अक्षरे परत द्या” असे म्हणावे. यंत्राने लांबी न तपासता शेजारच्या जागेतील गुप्त मजकूरही त्याच्या हवाली करावा, असा तो प्रकार होता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, आपण दुरुस्त करीत असलेल्या सुरक्षादोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरवापराचे असतात. अनुभवी माणसांच्या हातूनही जे वारंवार घडते, त्याला केवळ निष्काळजीपणा म्हणून चालणार नाही.

२००९ साली जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेत वापरून झालेली स्मृती साफ करणारा एक सेवक आज्ञावली चालू असताना राबत असतो. सर्व्हरच्या कामी तो उपयोगी पडतो. परंतु कार्यप्रणालीच्या गाभ्यात त्याचा खर्च सहसा परवडत नाही. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या ‘रस्ट’ने निराळा मार्ग धरला. आपल्या संस्थेची कीर्दवही घ्या. ती एकाच्या ताब्यात असते; एका वेळी अनेकांनी वाचावी, किंवा एकानेच तीत लिहावे; दोन्ही एकदम नाही. हाच नियम रस्टचा भाषांतरकार आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासतो. मात्र ‘असुरक्षित’ अशी खूण केलेल्या भागात लिहिणाऱ्यालाच जबाबदारी घ्यावी लागते, आणि विचारातील चूक कोणतीही भाषा पकडीत नाही.

मग नवी भाषा जुनीची जागा घेईल काय? नव्या लेखनात घेऊ शकेल, आणि घेत आहे. लिनक्सच्या गाभ्यात डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला प्रवेश मिळाला. तरी तेथील कोट्यवधी ओळी ‘सी’तच आहेत. अँड्रॉइडचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे २०१९ मध्ये ७६ टक्के सुरक्षादोष स्मृतीचे होते. २०२४ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले. जुने सारे पुसून पुन्हा लिहिल्याने हे घडले नाही. नवे लेखन सुरक्षित भाषांत होऊ लागले, म्हणून घडले. जुन्या आज्ञावलीतील दोष वर्षानुवर्षे सापडून दुरुस्त झालेले असतात. ती टाकून देणे म्हणजे त्या दुरुस्तीचे श्रमही टाकून देणे होय.

शिवाय रस्टचा प्रचलित भाषांतरकार यंत्रसंकेत तयार करण्यासाठी ‘एलएलव्हीएम’चे साहाय्य घेतो, आणि ते ‘सी प्लस प्लस’मध्ये लिहिलेले आहे. दोन भिन्न भाषांतील आज्ञावली परस्परांशी बोलतात, त्याही बहुधा ‘सी’च्याच रीतीने. नव्या पिढीचा संसार असा जुन्यांच्या ओसरीवरच उभा आहे.

म्हणून आमची शिफारस अशी की, निधीने त्या विद्यार्थ्यास अवश्य साहाय्य द्यावे. आणि प्रश्न विचारणाऱ्या ज्येष्ठांनी त्याला आठवड्यातून एक सायंकाळ ‘सी’ शिकवावी. त्यांच्या पिढीने लिहिलेले पुढे ह्याच मुलांना सांभाळावयाचे आहे. ते त्यांना वाचता आले पाहिजे.