काळ्या चौकटीबाहेरचीं वृत्तें
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या सभेंत इतिहासांतील एखाद्या दिवसाविषयीं चार शब्द बोलावे, अशी चालकांची आज्ञा झाली. मला जुनीं वर्तमानपत्रें वाचण्याचा नाद आहे, हें त्यांस ठाऊक होतें. म्हणून मीं ता. ३० जानेवारी १९४८ हा दिवस निवडला. त्या शुक्रवारीं सायंकाळीं पांच वाजून सतरा मिनिटांनीं दिल्लीस बिर्ला भवनाच्या बागेंत महात्मा गांधींचा खून झाला. हें शाळेंतल्या पोरासही माहीत आहे. तें पुन्हां सांगण्यासाठीं मी उभा नाहीं. त्या एका बातमीच्या काळ्या चौकटीखालीं बाकीचें जग दडपून गेलें. त्या दडपलेल्या बातम्यांपैकीं कांहीं आज आपल्यापुढें ठेवावयाच्या आहेत.

त्या काळीं आपला मुलूख रत्नागिरी जिल्ह्यांत मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ सालीं. मुंबईचें वर्तमानपत्र आगबोटीच्या टपालांतून मालवण-वेंगुर्ल्यास यावयाचें. आगबोट खोल पाण्यांत उभी राही आणि माणसें, टपाल व बोचकीं होड्यांतून किनाऱ्यास लागत. अर्थात् बातमी शिळी होऊनच हातीं पडे, आणि शिळ्या बातमीच्या आधीं अफवा येऊन बसलेली असे.

अफवेचें भय दिल्लीसही होतें. नभोवाणीनें सायंकाळीं सहा वाजतां जें वृत्त दिलें, त्यांत मारेकरी हिंदु आहे असें मुद्दाम सांगितलें होतें. फाळणीच्या रक्तानें देश आधींच भिजला होता. तें एक वाक्य राहून गेलें असतें तर त्या रात्रीं किती निरपराध मुसलमान प्राणांस मुकले असते, ह्याची कल्पनाच केलेली बरी.

आतां इतर वृत्तें. त्याच ३० तारखेच्या पहांटे ॲझोर्स बेटांहून बर्म्यूडाकडे निघालेलें ‘स्टार टायगर’ नांवाचें ब्रिटिश विमान एकतीस माणसांसह अटलांटिक महासागरावर नाहींसें झालें. महायुद्धांत नांव गाजवलेले एअर मार्शल सर आर्थर कनिंगहॅम त्यांत होते. विमानाचा तुकडादेखील पुढें कधीं सांपडला नाहीं. त्याच तारखेस अमेरिकेंत डेटन गांवीं ऑर्व्हिल राईट वयाच्या ७६ व्या वर्षीं वारले. १९०३ सालीं माणसाला प्रथम यंत्राच्या बळावर उडवणाऱ्या दोघां भावांपैकीं हे धाकटे. एरवीं ह्या मृत्यूला पहिल्या पानावर मानाची जागा मिळाली असती. स्वित्झर्लंडांत सेंट मॉरिट्झ येथें बारा वर्षांच्या खंडानंतर हिवाळी ऑलिंपिक सामने सुरू झाले, तेही त्याच दिवशीं. बर्फावरच्या खेळांशीं आम्हां नारळीच्या सावलीतल्या लोकांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल, आणि तें खोटें नाहीं.

परंतु एका खेळाच्या बातमीशीं मात्र आमचें कर्तव्य होतें. हिंदुस्थानचा क्रिकेट संघ तेव्हां ऑस्ट्रेलियांत होता. ॲडलेडचा चौथा कसोटी सामना २८ जानेवारीस, म्हणजे खुनाच्या दोनच दिवस आधीं संपला. सामना आपण हरलों. ब्रॅडमननें एकट्यानें २०१ धावा काढल्या. परंतु विजय हजारे ह्यांनीं पहिल्या डावांत ११६ व दुसऱ्यांत १४५ धावा केल्या. एकाच कसोटींत दोन शतकें करणारे ते पहिले हिंदी खेळाडू. पहिल्या डावांत दत्तू फडकरांनींही १२३ केल्या. हजारे जन्मानें सांगलीचे, धर्मानें ख्रिस्ती. प्रॉटेस्टंट खरे, पण अशा वेळीं पंथ कोण विचारतो! फडकर कोल्हापूरचे. तेव्हां त्या आठवड्याच्या आरंभीं सांगली आणि कोल्हापूर हीं नांवें मराठी माणसानें अभिमानानें उच्चारावीं, असा योग होता.

हीं दोन नांवें कृपा करून लक्षांत ठेवावीं. तत्पूर्वीं बिर्ला भवनाच्या बागेकडे एकदां परत जाऊं. मारेकऱ्यास कोणीं धरलें, ह्याविषयीं वेगवेगळीं वृत्तें निघालीं. अमेरिकन पत्रांतून त्यांच्या वकिलातीच्या हर्बर्ट रायनर ह्या तरुण अधिकाऱ्याचें नांव आलें; हवाई दलांतील एका शिपायाचेंही नांव पुढें आलें. पण त्या बागेंत रघु नायक नांवाचा एक ओरिसाचा माळी होता. त्यानें मागून धांवत जाऊन मारेकऱ्याच्या डोक्यांत खुरपें हाणलें आणि त्यास धरलें. लाल किल्ल्यांतील खटल्यांत त्याची साक्ष झाली, आणि १९५५ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद ह्यांनीं त्यास पांचशें रुपये देऊन गौरविलें. साहेबाचें नांव तारेनें समुद्रापार गेलें. खुरप्याच्या धन्यास सात वर्षें वाट पाहावी लागली. मला ह्याचें नवल वाटत नाहीं, खेद मात्र वाटतो.

आतां सांगली-कोल्हापूरकडे वळूं. मारेकरी हिंदु आहे, ह्या वाक्यानें मुसलमान वांचले. तो पुण्याचा ब्राह्मण आहे, हें पुढचें वाक्य आपल्या मराठी मुलखांत येऊन पोहोंचलें, तेव्हां काय झालें? सातारा, सांगली, मिरज, कोल्हापूर ह्या बाजूस ब्राह्मणांचीं घरें, दुकानें, कारखाने जाळण्यांत आले. कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानीं पडला. ज्यांचा कटाशीं काडीइतका संबंध नव्हता, अशीं माणसें अंगावरच्या वस्त्रानिशीं बाहेर पडलीं. अहिंसेच्या उपासकाच्या नांवानें हें झालें. ह्या जाळपोळीविषयीं आमच्या घरांतून फार थोडें बोललें गेलें. एका माणसाच्या अपराधाचा जाब त्याच्या साऱ्या जातीस विचारावा, ह्यांत कोणता न्याय? आपण ह्या किनाऱ्यावर संख्येनें थोडे आहों. हा प्रश्न दुसऱ्याचा म्हणून आपणांस सोडून देतां येणार नाहीं.

आमच्याच भागांतली एक गोष्ट मात्र सांगण्याजोगी आहे. अप्पासाहेब पटवर्धन हे जन्मानें ब्राह्मण, आणि गांधींचे अगदीं निकटचे अनुयायी. रत्नागिरीच्या तुरुंगांत त्यांनीं भंगीकाम मागितलें, तें नाकारण्यांत आलें, तेव्हां १९३२ च्या डिसेंबरांत खुद्द गांधींनीं येरवड्यांत त्यांच्यासाठीं उपवास केला होता. ह्या अप्पासाहेबांनीं गांधींच्या मृत्यूनंतर थोड्याच महिन्यांनीं, त्याच १९४८ सालीं, कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. पायखान्यांची सफाई, मेलेल्या जनावरांचें कातडें कमावणें, असलीं कामें तेथें चालत. असल्या बातमीला पहिल्या पानावर जागा कोण देणार?

६ फेब्रुवारीस मेलबर्न येथें पांचवा कसोटी सामना सुरू झाला. पहिल्या डावांत सांगलीच्या हजाऱ्यांनीं ७४ धावा केल्या, आणि कोल्हापूरचे फडकर ५६ वर नाबाद राहिले.