विजेच्या वाहनाची बॅटरी : खर्च, तरतूद आणि दक्षता

(देपालपूर, जिल्हा इंदूर येथे मराठी भाषिक ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



देपालपूर हा एकेकाळी होळकर संस्थानातील परगणा. माळव्याच्या या काळ्या भूमीत बैलजोडी विकत घेताना आपले वाडवडील तिची केवळ किंमत पाहत नसत. जोडी किती वर्षे काम देईल आणि ती थकल्यावर दुसरीची सोय कशी करावयाची, याचाही विचार ते आधीच करून ठेवीत. विजेवर चालणारे वाहन घेताना मात्र हा दुसरा विचार बहुधा राहून जातो. म्हणून आज मी बॅटरी बदलण्याच्या खर्चाविषयी बोलणार आहे.

प्रथम ई-रिक्षाचे उदाहरण घेऊ. तिच्यात बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या जोडलेल्या असतात. रोजच्या राबत्यात असा संच साधारणतः एक ते दीड वर्ष टिकतो. नव्या संचासाठी ३६ हजार रुपये लागतात आणि तो ३०० कामाचे दिवस चालतो, असे धरले तर रोजच्या कमाईतील १२० रुपये बॅटरीचे असतात. ते घरखर्चात गेले, तर वर्षअखेर रिक्षा उभी राहते आणि वाहनाच्या कर्जाचे हप्ते फिटण्यापूर्वीच दुसरे कर्ज काढावे लागते. धंदा चांगला चालूनही कुटुंब कर्जात बुडते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

आता मोटारगाडीकडे वळू. २००१ साली बंगळूर येथे तयार झालेल्या रेवा या छोट्या मोटारीतही शिसे-आम्ल बॅटऱ्याच होत्या. आजच्या गाड्यांत लिथियम-आयन बॅटरी असते. १९९१ साली ती प्रथम बाजारात आली आणि २०१९ साली तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती हलकी व दीर्घायुषी असली, तरी महाग आहे.

ती किती महाग आहे? जानेवारी २०२० मध्ये विक्रीस आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्ही या गाडीची बॅटरी ३०.२ किलोवॅट-तास क्षमतेची होती. ब्लूमबर्गच्या ऊर्जाविषयक संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ साली जगातील सरासरी भाव एका किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होता. २०१० साली तो एक हजार डॉलरहून अधिक होता. डॉलरचे ८५ रुपये धरल्यास तीस किलोवॅट-तासांचे सुमारे २ लाख ९३ हजार रुपये होतात. परंतु हा कारखानदाराला पडणारा भाव झाला. ग्राहकाला त्यावर कर, वाहतूक, विक्रेत्याचा नफा व मजुरी द्यावी लागते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे, पण सुट्या लिथियम बॅटरीवर तो १८ टक्के आहे. म्हणून हिशेबासाठी आपण पाच लाख रुपये धरू.

या गाडीच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथपर्यंतची होती. देपालपूरहून इंदूर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. वर्षातून ३०० दिवस जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर प्रवास करणाऱ्याची गाडी वर्षाला २४ हजार किलोमीटर धावेल. त्याची हमी आठ वर्षे पुरणार नाही, ती सहा वर्षे आठ महिन्यांतच संपेल.

अशा गृहस्थाने दर किलोमीटरमागे सव्वातीन रुपये बाजूस टाकावेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला १५ किलोमीटर धरल्यास पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे सात रुपये लागतात. वीज आठ रुपये युनिट व युनिटला सहा किलोमीटर धरल्यास विजेच्या गाडीला सुमारे एक रुपया तेहतीस पैसे लागतात. म्हणजे बॅटरीची तरतूद करूनही किलोमीटरमागे जवळजवळ अडीच रुपये शिल्लक राहतात. याउलट ज्याची गाडी वर्षाला पाचच हजार किलोमीटर धावते, त्याची आठ वर्षांतील इंधनबचत सव्वादोन लाखांच्या आसपास भरेल. तेवढ्यात नवी बॅटरी येणार नाही. त्याने खरेदीपूर्वी पुन्हा विचार करावा.

तथापि हमी संपली म्हणजे बॅटरी मेली, असे नव्हे. तिची साठवणशक्ती हळूहळू घटते. शिवाय ती अनेक घटांच्या गटांची बनलेली असते आणि कधी एखादाच गट नादुरुस्त असतो. म्हणून संपूर्ण बॅटरी बदलण्यास मान्यता देण्यापूर्वी तपासणीचा लेखी अहवाल अवश्य मागावा.

जुनी गाडी घेणाऱ्याने तर अधिकच सावध असावे. बॅटरीची उरलेली क्षमता लेखी घ्यावी आणि हमी दुसऱ्या मालकाच्या नावे होते किंवा नाही, याची खात्री करावी. वैशाखाच्या उन्हात तापलेली गाडी लागलीच चार्जिंगला लावू नये. लिथियम बॅटरी रोजच्या वापरात वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे हितावह असते. शिसे-आम्ल बॅटरी मात्र रिकामी पडू देऊ नये आणि तिच्यात शुद्ध ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. स्वस्त मिळते म्हणून बिननावाची बॅटरी घेण्यात आगीचा धोका आहे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. जुनी बॅटरी फोडून घराच्या अंगणात शिसे वितळविणे हा मुलांच्या जिवाशी खेळ आहे. शिशाचा धूर व धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची बाधा आणतात, हे शाळेतून सांगितले जावे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने त्या अधिकृत ठिकाणीच द्याव्यात आणि मोडीची किंमत वसूल करावी.

विजेचे वाहन वाईट नाही व बॅटरीची भीतीही नको. फक्त तिचा खर्च शेवटच्या दिवशी अचानक येत नसून पहिल्या किलोमीटरपासूनच होत असतो, हे ओळखून वागावे. आज घरी गेल्यावर वहीच्या एका पानावर हा हिशेब आपल्या आकड्यांनी मांडून पाहावा, एवढे सुचवून मी आपली रजा घेतो.