लिलावाची पेठ आणि तिची अडत

१९९६ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅन होझे शहराच्या परिसरांत राहणाऱ्या एका तरुण संगणक-तज्ज्ञाच्या नांवें टपालानें पाकिटें येऊं लागलीं. त्यांपैकीं कोणांत दोन-चार डॉलरांचा धनादेश असे, तर कोणांत पुठ्ठ्याच्या तुकड्याला चिकटविलेलीं पांच-दहा सेंटांचीं नाणीं. वसुलीची कसलीच यंत्रणा त्या तरुणापाशीं नव्हती. सारा भरंवसा लोकांच्या सचोटीवर होता. पियेर ओमिदियार हें त्याचें नांव. आदल्या वर्षीं, म्हणजे १९९५ च्या सप्टेंबरांत, त्यानें इंटरनेटवर लिलावाची एक जागा हौसेखातर उघडून दिली होती. तिथें विकली गेलेली पहिली वस्तु म्हणून जिचें नांव सांगतात तो एक मोडका लेसर पॉइंटर होता, आणि त्याला १४ डॉलर ८३ सेंट इतकी किंमत आली. वस्तु मोडकी आहे हें ठाऊक आहे ना, असें ओमिदियारनें विचारल्यावर आपण मोडके पॉइंटरच जमवितों, असें गिऱ्हाइकानें कळविलें म्हणे. जगांत कोणत्याही वस्तूला कोठेंतरी गिऱ्हाईक असतेंच, या श्रद्धेवर पुढें ‘ईबे’ या नांवानें प्रसिद्ध झालेली ही पेठ उभी राहिली.

आरंभीं ती विनामूल्य होती. पण इंटरनेटची जोडणी पुरविणाऱ्या कंपनीनें तेथील वाढती वर्दळ पाहून ओमिदियारचें महिन्याचें बिल ३० डॉलरांवरून एकदम २५० डॉलरांवर नेलें, तेव्हां हा खर्च भागवावा कसा असा प्रश्न त्याच्यापुढें पडला. त्यानें विक्रेत्यांवर अडत बसविली. २५ डॉलरांपर्यंतच्या विक्रीवर शेंकडा ५, आणि त्यावरच्या विक्रीवर शेंकडा अडीच. वस्तु विकली गेली तरच देणें, एरव्हीं कांहीं नाहीं. पहिल्याच महिन्यांत जमा झालेली रक्कम बिलाहून अधिक भरली. हा आरंभ अगत्यानें सांगण्याचें कारण असें कीं, त्या दिवशीं अडतीचा दर खर्चाकडे पाहून ठरला होता. पुढें तो वेगळ्याच गोष्टीकडे पाहून ठरूं लागला.

ती गोष्ट कोणती हें समजण्यासाठीं अडत्या काय करतो तें आठवावें. दाणेबाजारांतला अडत्या माल उतरवून घेतो, तोलतो, वखारींत ठेवतो, गिऱ्हाइकाच्या पैशाची हमी घेतो, प्रसंगीं शेतकऱ्याला उचलही देतो. त्याची अडत जाचक असेल, पण तिच्यामागें कांहीं काम दिसतें. इंटरनेटवरील लिलावाच्या पेठेचा मालक मालाला हातदेखील लावीत नाहीं. मालाचें छायाचित्र विक्रेता काढतो, वर्णन तोच लिहितो, वस्तु तोच बांधतो आणि टपालखान्यांत नेऊन तोच देतो. मग पेठ विकते तरी काय? ती गर्दी विकते. जिथें गिऱ्हाईक अधिक तिथें विक्रेता जातो, आणि जिथें माल अधिक तिथें गिऱ्हाईक जातें. ही गर्दी घडविली कोणीं? घडविली ती विक्रेत्यांनीं आणि गिऱ्हाइकांनींच. अडतीच्या प्रत्येक वाढीच्या वेळीं विक्रेत्यांच्या बोलण्यांत जो कडवटपणा येतो त्याचें मूळ येथें आहे. आपणच भरविलेल्या जत्रेंत आपल्याकडूनच जागाभाडें वाढवून घेतलें जात आहे, असें त्यांना वाटतें.

२४ सप्टेंबर १९९८ रोजीं या कंपनीचे भाग बाजारांत आले. १८ डॉलरांना देऊं केलेला भाग त्याच दिवशीं सत्तेचाळीस डॉलरांवर बंद झाला. भागधारक आले म्हणजे दर तिमाहीला वाढीची अपेक्षा आली. पेठेंत नवीन माणसें येत होतीं तोंवर ही वाढ आपोआप होत गेली. तिला ओहोटी लागली कीं मग प्रत्येक विक्रीतला आपला घांस मोठा करणें हाच सोपा उपाय उरतो.

२००५ सालच्या जानेवारींत हा घांस किती मोठा झाला आहे तें लोकांच्या प्रथमच डोळ्यांवर आलें. ईबेवर कायमचें दुकान मांडणाऱ्यांसाठीं विक्रीवरील अडत शेंकडा सव्वापांचावरून आठावर, आणि दुकानाचें मासिक भाडें ९ डॉलर ९५ सेंटांवरून १५ डॉलर ९५ सेंटांवर गेलें. अंमल १८ फेब्रुवारीपासून. कित्येक विक्रेत्यांनीं पेठेचें नांव विटंबून ‘फीबे’ असें केलें, कांहींनीं दुकानें बंद केलीं. गवगवा इतका झाला कीं, उत्तर अमेरिकेचे प्रमुख बिल कॉब यांस विक्रेत्यांना दिलगिरीचें पत्र लिहावें लागलें. माल मांडण्याचें किमान शुल्क ३० सेंटांवरून २५ वर आणलें गेलें आणि दुकानदारांना एका महिन्याचें भाडें परत मिळालें. आठ टक्के मात्र आठच राहिले.

तीन वर्षांनीं, २००८ च्या फेब्रुवारींत, अधिक चतुर फेरफार झाला. माल मांडण्याचें शुल्क कमी केलें गेलें आणि त्याचा डांगोरा पिटला गेला. त्याच वेळीं लिलावांतील पहिल्या २५ डॉलरांवरील अडत शेंकडा सव्वापांचावरून पावणेनवावर गेली. शिवाय विक्रेत्यानें गिऱ्हाइकाविषयीं प्रतिकूल अभिप्राय नोंदविण्याचा हक्क त्या वसंतांत काढून घेण्यांत आला. विक्रेत्यांनीं १८ ते २५ फेब्रुवारी असा आठवड्याचा बहिष्कार पुकारला. तो संपला आणि बहुतेक मंडळी परत आलीं. परत न येऊन जातील कोठें?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, कारण दुसऱ्या पेठा होत्या. याहूनें अमेरिकेंत लिलावाची विनामूल्य पेठ मांडली होती, आणि माल मांडणारे तिथें पुष्कळ होते. पण फुकटच्या ओट्यावर मालाची रास पडली तरी गिऱ्हाईक तेथें येईलच असें नाहीं. २००१ च्या जानेवारींत याहूनें शुल्क सुरू करतांच मांडलेल्या मालाची संख्या कोसळली. २००५ मध्यें तें शुल्क पुन्हां रद्द झालें, पण गेलेला माल परतला नाहीं, आणि २००७ सालीं ती पेठ उठली. एकट्या-दुकट्या विक्रेत्यानें पेठ बदलली तर तो गिऱ्हाइकांना मुकतो. सर्वांनीं एकाच दिवशीं बदलली तर कोणाचेंच नुकसान नाहीं, पण लाखों अनोळखी माणसांना एकाच दिवशीं उठविणार कोण? अडत वाढविणाऱ्याची खरी ताकद त्यांच्या या विखुरलेपणांत आहे.

येथें एक जुनें प्रकरण आठवतें. क्रिस्टीज आणि सदबीज या लिलावगृहांनीं १९९५ मध्यें विक्रेत्यांकडून घ्यावयाच्या दलालीचे दर आपसांत संगनमत करून ठरविले. २००० सालीं तें उघडकीस आलें. दिवाणी दाव्यांत दोघांना मिळून ५१ कोटी २० लाख डॉलर द्यावे लागले आणि सदबीजचे माजी अध्यक्ष अल्फ्रेड टॉबमन यांना २००२ मध्यें कारावासाची शिक्षा झाली. दोन तुल्यबळ पेढ्या असल्या कीं दर चढविण्यासाठीं कट करावा लागतो. गर्दी एकाच ठिकाणीं जमली म्हणजे तेवढाही त्रास उरत नाहीं.

मात्र हें बळ पेठ जुनी आणि भरलेली असेल तेथेंच चालतें. जपानांत याहूची लिलावपेठ १९९९ सालीं सुरू झाली, ईबे तेथें कांहीं महिन्यांनीं पोंचली, आणि तीही शुल्क घेऊन; २००२ मध्यें तिनें काढता पाय घेतला. चीनमध्यें २००३ सालीं सुरू झालेल्या ताओबाओनें विक्रेत्यांकडून कांहींच घेतलें नाहीं, आणि २००६ अखेर ईबेला तेथील आपली पेठ दुसऱ्याच्या स्वाधीन करावी लागली. मुंबईची ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलावाची पेठ ईबेनें २००४ सालीं सुमारे ५ कोटी डॉलरांना घेतली होती. पुढें तिचा भारतांतील व्यवहार २०१७ मध्यें फ्लिपकार्टकडे गेला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजीं ती पेठ बंद झाली.

अडतीची वाढ टक्क्यांत सांगितली म्हणजे ती क्षुल्लक भासते. म्हणून एक हिशेब मांडून पाहणें बरें. अमेरिकेंत एखाद्या सेवानिवृत्त शिक्षिकेनें जुन्या सामानाच्या विक्रींतून १२ डॉलरांना चिनी मातीची एक किटली घेतली, आणि ती ईबेवर २० डॉलरांना गेली असें समजूं. टपालखर्चाचे ५ डॉलर गिऱ्हाइकानें वेगळे दिले, ते टपालांतच गेले. खोकें आणि बांधणी यांस १ डॉलर. २००५ सालच्या सुमारास लिलावाची अडत १ डॉलर ५ सेंट, पेपालमार्फत पैसे घेण्याचा खर्च सुमारें १ डॉलर ३ सेंट, वर माल मांडण्याचें शुल्क. एकूण अडीच डॉलरांच्या आसपास. हातीं राहिले साडेचार. २०२५ च्या दरानें बहुतेक वस्तूंवर शेंकडा १३.६ अडत आहे आणि ती टपालखर्चासह २५ डॉलरांवर बसते. ३ डॉलर ४० सेंट ते, आणि दर विक्रीमागें ४० सेंट वेगळे. हातीं ३ डॉलर २० सेंट राहतात. गिऱ्हाइकानें सरकारला दिलेला विक्रीकरही अडतीच्या हिशेबांत धरला जातो, म्हणजे प्रत्यक्षांत थोडें आणखी कमीच. पैसे घेण्याचा खर्च आतां याच अडतींत येतो आणि महिन्याला २५० वस्तूंपर्यंत माल मांडण्याचें शुल्क पडत नाहीं, हें कंपनीच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. शुल्क तिप्पट-चौपट झालें ही ओरड त्यामुळें पुरती खरी नाहीं. पण किमतीच्या मानानें जी वाढ सहा-साडेसहा टक्क्यांची दिसते, ती त्या बाईंच्या मिळकतींतून सव्वा डॉलरांहून अधिक, म्हणजे चवथ्या हिश्शाहून जास्त, काढून नेते. अडत किमतीवर आकारतात; संसार मात्र नफ्यावर चालतो.

टपालखर्चावर अडत कां, याचें उत्तर विक्रेत्यांच्याच एका युक्तींत आहे. किटलीची किंमत १ सेंट आणि टपालखर्च २४ डॉलर असें लिहून अडत चुकविणारे महाभाग निघाले होते. २०११ पासून अमेरिकेंत टपालखर्चही अडतीखालीं आला, आणि सरळ वागणाऱ्यांनाही तो भुर्दंड बसला. त्याखेरीज आतां जाहिरातीचा खर्च आहे. आपली वस्तु यादींत वर दिसावी म्हणून विक्रेता आपण होऊन किमतीचे आणखी कांहीं टक्के देऊं करतो. शेजाऱ्यानें देऊं केले कीं आपल्यालाही द्यावे लागतात. नांवाला हें ऐच्छिक आहे.

ठराविक किमतीचा दुकानदार अडत वाढली तर भाव वाढवूं शकतो. लिलावांतल्या विक्रेत्याला तीही सोय नाहीं. गिऱ्हाईक बोली लावतें तें वस्तु आपल्याला केवढ्याची वाटते हें पाहून. विक्रेत्याला अडत किती पडते याच्याशीं त्याला कर्तव्य नसतें. म्हणून खऱ्या लिलावांत अडतीचा भार जवळजवळ सगळा विक्रेत्यावर राहतो. ईबेवर आज बहुतेक माल ठराविक किमतीनें विकला जातो आणि लिलाव मागें पडला आहे. त्याचीं कारणें अनेक असतील, पण त्यांत या भाराचाही वांटा असावा.

उलट बाजूनें भार गिऱ्हाइकावर टाकला तर? लंडनच्या लिलावगृहांनीं १९७५ सालीं हा प्रयोग केला आणि बोलीवर शेंकडा १० ‘खरेदीदाराचा अधिभार’ बसविला. जाणतें गिऱ्हाईक मग दहा टक्के मनांत वजा करूनच बोली लावतें. पैसे त्याच्या खिशांतून जातात, तोटा पुन्हां विक्रेत्याकडे येतो. हाच मार्ग युरोपांत ईबेनें अलीकडे धरला आहे, आणि तोही राजीखुशीनें नव्हे. लिथुएनियांत २००८ मध्यें जन्मलेल्या ‘विंटेड’ या जुन्या कपड्यांच्या पेठेनें विक्रेत्यांना शुल्क माफ ठेवून तें गिऱ्हाइकाकडून घेण्याची रीत पाडली, आणि घरगुती विक्रेते तिकडे वळूं लागले. ईबेनें मार्च २०२३ मध्यें जर्मनींत आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें ब्रिटनमध्यें घरगुती विक्रेत्यांची अडत काढून टाकली. ब्रिटनमध्यें चारच महिन्यांत, फेब्रुवारी २०२५ पासून, गिऱ्हाइकाकडून ‘संरक्षणा’चें शुल्क घेण्यास आरंभ झाला. तें वस्तूच्या दाखविलेल्या किमतींतच मिसळलेलें असतें, त्यामुळें विक्रेत्यानें मागितलेली किंमत आणि गिऱ्हाइकाला दिसणारी किंमत या दोन भिन्न होतात, आणि आपण इतके मागितलेच नव्हते असें सांगण्याची पाळी विक्रेत्यावर येते.

त्याच फेब्रुवारींत, १४ तारखेस, अमेरिकेंतील अडत शेंकडा १३.२५ वरून १३.६ झाली. विंटेडसारखी पेठ तेथें तितकी फोफावलेली नव्हती.